एरंडेलवाले भाऊजी

आमच्या धाकट्या भाऊजींना मुठी मिटून बोलायची सवय होती. नव्या माणसाला वाटे, पोरगा तापट दिसतो. तापट कसला! नखांतलं काळं आईला दिसू नये, एवढ्यापुरती ती मर्दुमकी.

आमचं सासर अमरावतीचं, घर भिक्षुकीचं. सासरे वारले तेव्हा त्यांच्या पोथ्या कोण घेतो, याची वाट सगळी आळी पाहत होती. माझे यजमान अकोल्याला मास्तर झाले आणि सुटले. भाऊजी पुण्याहून इंजिनिअरीची डिग्री घेऊन आले आणि अकोल्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढतात तिथे, शिकाऊ इंजिनेर म्हणून लागले. दोन वर्षं शिकायचं. मग शेटजींच्या मनात आलं तर कायम. भाऊजी राहायला आमच्याकडेच. त्यांच्या जेवणाकडे लक्ष द्यायला, म्हणजे माझ्याकडे लक्ष द्यायला, सासूबाई आमच्या बिऱ्हाडी येऊन राहिल्या.

डिग्रीवाल्याला जिनात काय दिलं म्हणाल, तर एक कानस आणि लोखंडाचा ठोकळा. घासत बसायचं. मिस्त्री त्यावर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघे आणि म्हणे, "अजून टेकाड हाय, साहेब." पहिला हंगाम असा टेकाडं काढण्यात गेला. मी म्हटलं, "भाऊजी, घासायचंच होतं तर घरची भांडी काय वाईट होती?" ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वहिनी, हात बसावा लागतो." थट्टा त्यांना कळत नसे. मी चौथी शिकलेली, मला तेवढी सवड होती.

पुढे त्यांना इंजनाला हात लावू दिला. तेव्हापासून सासूबाई रोज दारातच विचारत, "इंजनात काय घालतोस?" भाऊजी मुठी मिटून, उंबऱ्याकडे बघून म्हणत, "एरंडेल, आई." मग परसात आंघोळ आणि मग पान. कपडे मी धूत होते. एरंडेलाचा वास कुठला आणि चरबीचा कुठला, हे कळायला पुण्याला जावं लागत नाही. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सुनेने बोलू नये हे सासूबाईंनीच शिकवलं होतं.

"यंत्र कधी खोटं बोलत नाही, वहिनी," असं ते उठता-बसता म्हणत. मी म्हणे, "बरोबर आहे, त्याला आई नसते."

एके दिवशी देवळात कुणीतरी सासूबाईंच्या कानात घातलं, की इंजनात जनावराची चरबी घालतात. त्या तशाच टांग्यात बसून जिनात गेल्या. मी मागे. भाऊजी तेव्हा कुठे तरी आत होते. मिस्त्री समोर आला, त्याला थेट विचारलं. त्याने आपलं सरळ सांगितलं, "चरबीच हाय ना, माय! दुसरं काय? तुमचं पोरगंच घालून राह्यलं सकाळपासून."

शेटजी धावत आले. कांदा-लसूण न खाणारा माणूस. आपल्या कारखान्यात काय शिजतं याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे चरबीचे डबे बाहेर काढायला लावले. गलका ऐकून भाऊजी बाहेर आले, तशा सासूबाई त्यांना म्हणाल्या, "चल घरी. उद्यापासून पोथी घे." भाऊजी मुठी मिटून उभे. शेवटी तोंडातून निघालं, "एरंडेलावर चालवून दाखवतो."

शेटजींना काय, ऐकायला बरं वाटलं. म्हणाले, "हंगामभर चाललं तर कायम. अडलं तर माँजींसोबत जा." सासूबाईंनाही ते पटलं. इंजन थांबलं की पोथी.

बेअरिंगला एरंडेल आधीपासून होतंच, पण तापलेल्या सिलिंडरात ते गोंदासारखं चिकटे. भाऊजींनी ते ओतायचं सोडून थेंबथेंब जाईल अशी पितळेची कुपी स्वतः घासून बनवली. टेकाडं काढलेली कामाला आली म्हणायची. जिन थांबला की सिलिंडर उघडून खरवडत बसत. घरी सासूबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. समोर बसलेल्या मुलासाठी मला सांगत, "त्याला विचार, भात हवा का?" मी विचारी, ते मला सांगत, मी त्यांना सांगे. तेवढ्यात भात निवून जाई.

कापूस संपला, हंगाम सरला. इंजन काही अडलं नाही. शेटजींनी भाऊजींना कायम केलं आणि सासूबाईंनी अमरावतीला जायला बोचकं बांधलं. पोथ्यांचं नाव निघालं नाही. टांगा दारात उभा होता. किती दिवसांनी त्या मुलाशी सरळ बोलल्या.

"इंजनात काय घालतोस रे?"

"एरंडेल, आई."

या खेपेला भाऊजी उंबऱ्याकडे बघत नव्हते. हातही मोकळे सुटलेले होते. नखं काळीकुट्ट. सासूबाईंनी ती बघितली.

"काहून रे, धूत नाहीस का?"

"निघत नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या, "एरंडेलाचंच आहे." आणि ते दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात धरले, सोवळ्यातली आंघोळ-पूजा उरकून टांग्यात बसायच्या वेळी.

अमरावतीला पोचल्यावर आंघोळ केली असणारच. मी काही विचारायला गेले नाही.