मानाच्या जोडीतला उजवा

आमच्या घराण्याकडे पोळ्याच्या पहिल्या जोडीचा मान आहे. जोडी मात्र नाही.

म्हणजे, होती. हडपसरच्या पलीकडचं आमचं गाव महापालिकेत गेलं, शेतावर सोसायटी उभी राहिली आणि गोठ्यात बैलांच्या जागी माझी स्कूटर उभी राहू लागली. पण मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय गावातला एकही बैल वेस ओलांडत नाही, हा रिवाज शाबूत! दर वर्षी माझे वडील, अण्णा, कुणाची तरी जोडी मागून आणायचे. त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला आणि ते काम माझ्या गळ्यात आलं.

"दिवस मावळायच्या आत जोडी वेशीतनं गेली न्हाय, तर मान दत्तूकडं जाईल," अण्णा म्हणाले. "मग मी पुन्हा पारावर बसायचो न्हाय."

दत्तू माझा चुलतभाऊ. त्याच्याकडे पांढरीशुभ्र खिलारी जोडी होती आणि माझ्याकडे बघून येणारं एक खास हसू होतं.

मी बैल शोधत पार सासवडपर्यंत हिंडलो. (बायकोचं माहेर सदाशिव पेठेतलं. "अहो, स्कूटरलाच शिंगं लावा की," एवढाच तिचा हातभार!) शेवटी सोलापूर रस्त्यावरच्या रसवंतीवाल्या किसनरावांनी उसाचा चरक ओढणारा आपला बैल दिला. एकच.

"लई गरीब हाय," ते म्हणाले. "फकस्त घुंगरापास्नं जपा. आमच्या चरकाला घुंगरं हायती. ती वाजली की ह्यो कामाला लागतो."

पोळ्याच्या दिवशी घुंगरांपासून जपा म्हणे! मी मान डोलावली आणि मंडईत जाऊन सगळ्यात मोठी घुंगरमाळ घेतली. मानाचा बैल मुका कसा न्यायचा?

संध्याकाळी शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल घातलेला आमचा बैल वेशीपाशी आला. मागे सगळ्या गावाची जनावरं खोळंबलेली. मी ऐटीत माळ त्याच्या गळ्यात बांधली. ती खळखळली मात्र, बैल डावीकडे वळला आणि तोरणाच्या खांबाभोवती फिरू लागला! कासरा माझ्या हातात, त्यामुळे त्याच्या मागोमाग मीही.

"अरं, पुढं घे, पुढं!" अण्णा ओरडले.

"पुढेच चाललोय!" मी खांबाच्या पलीकडून ओरडलो.

दत्तू तोंडाशी हात नेऊन म्हणाला, "दादा, दोन गिलास. बर्फ कमी!"

मी कशीबशी माळ सोडली. उपयोग शून्य! मागच्या सगळ्या बैलांच्या गळ्यात घुंगरं होतीच. ती वाजत राहिली आणि आम्ही गाळप करत राहिलो. सूर्य सोसायटीच्या टाकीआड निघाला. अण्णांचा चेहरा बघवेना.

"आणि मान जोडीचा हाय बरं का," दत्तूने आणखी मीठ चोळलं. "सुट्या बैलाचा न्हाय."

अण्णांनी एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग लंगडत जाऊन ते जू घेऊन आले.

"ह्यो डावीकडं वडतोय. तू उजवीकडं वड. जोडीबी हुईल, सरळबी जाईल."

"अण्णा, मी बँकेत हेडक्लार्क आहे!"

"मग खांदा कोराच आसंल. घाल."

घातला. बैल डावीकडे, मी उजवीकडे, अण्णा मागून "हुर्रर्र!" करत दोघांनाही सारखेच चापटवत. सूर्य बुडता बुडता आम्ही तोरणाखालून पार झालो. हलगी कडाडली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझा खांदा सोलला होता.

दारात बायको ताट घेऊन उभी. तिने बैलाचे पाय धुतले, त्याला ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग शांतपणे माझ्याकडे वळली, माझेही पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आ करा."

पुढच्या वर्षी पोळा जवळ आला, तरी कुठेच जोडी मिळेना. मी चाचरत अण्णांना तसं सांगितलं. त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"जोडी कशाला हुडकतोयस? डावा तेवढा आण."