जाक्याच्या पागलपणाचा दाखला

बंदूक भरून भिंतीला टेकवली होती. माझं दस्तखत तेवढं बाकी होतं.

बीडहून केजपर्यंत सरकारी तट्टावर हाडं खिळखिळी करून पोचलो, तर तिथल्या देशमुखांनी वाड्यावर कागद पुढं सरकवला. कारकुनानं आधीच लिहून ठेवलेलं: 'कुत्रा पागल आढळला.' अहो, कुत्रा मी अजून पाहिलाही नव्हता!

"तपासायचं काय त्यात, डाक्टरसाब? तुमच्या मोहतमीमसाहेबांचा रुक्का हाय. दस्तखत करा अन् जेवायला बसा."

चिठ्ठी होती खरी. मोहतमीम म्हणजे आमच्या दवाखान्याचे वरिष्ठ; दर साल देशमुखांच्या मळ्यात हुरडा खाणारे. 'देशमुखांस हवा तो दाखला द्यावा.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी निजाम सरकारचा सलोत्री, जनावरांचा डॉक्टर. कुणाच्या घरचा शिक्का नव्हे!

कुत्रं एका गोऱ्या साहेबानं भेट दिलेलं. पुढल्या दौऱ्यात त्यानं विचारलं तर दाखवायला कागद हवा, म्हणून ही धडपड.

जात टेरियर. नाव जॅक, घरात जाक्या. दिसायला एवढंसं, पण बिळात शिरून उंदीर-घुशी मारायलाच ही जात घडवलेली. तिला पळायला, हुंगायला, उकरायला हवं. इथं काय? साहेबाचं कुत्रं म्हणून गादीवर बसवलेलं, पुढ्यात तुपातला शिरा आणि गळ्यात साखळी. साखळीनं मान सोललेली, कानात गोचीड. या जातीचे राठ केस मेले की बोटांनी उपटून काढावे लागतात. त्याला कुणी हातच लावला नव्हता. डोळे दिसत नव्हते बिचाऱ्याचे.

"पागल कशावरून?" मी विचारलं.

"सुटलं की अंगणात खड्डा करतंय. कुत्र्यानं दारात खड्डा केला की घरातलं माणूस जातंय. गड्यानं ओढलं, तर त्याच्या अंगावर गेलं."

"चावलं?"

"धोतर फाडलं की लई!"

मी पाणी ठेवलं. जाक्या लपालपा प्याला. भाकरी दिली, तीही खाल्ली, वर शेपूट हलवली. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळवत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते. इथं त्यातलं काही नव्हतं. एका धोतरापायी जीव घ्यायला निघाले होते!

तेवढ्यात दाराआडून देशमुखीणबाई बोलल्या, "डाक्टर, लेकरावानी वाढवलंय मी त्याला. दुसरीकडं कुठंच उकरत न्हाई ते. रोज त्याच दगडापाशी."

"तुमी आत व्हा!" देशमुख ओरडले.

तो दगड पेवाच्या तोंडावरचा. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"पेव उघडा," मी म्हणालो.

"मुहूर्ताबिगर? कावून? येडे झालात काय?"

"मग कागद घ्या तुमचा, बिनदस्तखताचा. घाला गोळी, अन् साहेबाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

देशमुखांनी बंदुकीकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि गड्याला हाक मारली.

पेवात लगेच उतरत नाहीत, कोंडलेली हवा जीव घेते. बराच वेळ उघडं ठेवलं, कंदील सोडून पाहिला. तो टिकला, तेव्हा गडी उतरला. आतून ओरडला, "मालक, घुशींनी पोखरलंय! पाणी शिरून ज्वारी काळी पडलीया!"

मी जाक्याची साखळी काढली. गड्यानं आतून ढोसलं तशा दगडाशेजारच्या बिळातून घुशी बाहेर पडायला लागल्या. एकेक मांजराएवढी. जाक्यानं पाच लोळवल्या. मानगूट धरायचं, एक हिसडा, की दुसरी.

"बघा!" देशमुख गड्याला म्हणाले, "साहेबाचं कुत्रं हाय ते. आमी म्हणतच होतो!"

म्हणतच होते म्हणे! बंदूक अजून भिंतीशीच होती. बाई मात्र चारचौघांत बाहेर आल्या, साखळी उचलली आणि आडात टाकून दिली. मी त्यांना केस उपटायची रीत दाखवली. शिरा बंद, भाकर-दूध चालू आणि दिवसभर कोठाराची राखण, असं सांगून निघालो.

पंधरा दिवसांनी मोहतमिमांनी खुलासा मागवला: हुकूम असून दाखला का दिला नाही? मी लिहिलं, 'कसून तपासणी केली. पागलपणा आढळला, पण कुत्र्यात नव्हे.'

माझं तट्टू काढून घेतलं. सलोत्र्यानं खरं लिहायचं असेल तर आधी चपला मजबूत घ्याव्यात, हे तेव्हा कळलं.