सकाळची तपासणी

माझा धाकटा भाऊ दारुडा आहे, हे गल्लीत सगळ्यांत आधी कुणी सांगितलं असेल तर ते मी. लपवायचं कशाला? लोकांना काय डोळे नव्हते? त्याच्या मालकाला मी सांगितलं, त्याच्या सासऱ्यांना मी सांगितलं, त्याच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांच्या कानावरही मीच घातलं. "माझं तोंड फाटकं आहे, पण खोटं बोलायची नाही मी," असं वर छाती काढून म्हणायचे. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

घरात त्याला बारक्या म्हणतात. बारक्या आता पन्नाशीला आलाय, डोक्यावर चार केस उरलेत, तरी बारक्याच. काम फर्निचरला पॉलिश करायचं. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि तो लाकडावरून गोल गोल फिरवत राहायचा. हात मध्येच थांबवायचा नाही. थांबला की खालचा थर उचलला जातो, डाग पडतो, मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या हातचं टेबल बघाल तर त्यात तोंड बघून कुंकू लावता येईल. "हात चालू असला ना ताई, की डोकं गप्प बसतं," असं तो म्हणायचा. "काम संपलं की पंचाईत होते." मी म्हणायचे, ही सगळी थेरं आहेत. डोकं काय तुला एकट्यालाच आहे?

मी कपड्यांच्या कारखान्यात चेकर. तीस वर्षं झाली. शिवून आलेला शर्ट माझ्या टेबलावर येतो. कॉलर बघायची, काजं बघायची, शिलाई ओढून बघायची आणि शेवटी आत हात घालून तळवा फिरवायचा. तेलाचा डाग, ओल, डोळ्याला दिसत नाही पण तळव्याला कळते. काही सापडलं की लाल स्टिकर. माझ्या हातून खराब माल सुटलाय असं आजवर झालेलं नाही. कारागीर मला मागून काय काय म्हणतात ते ठाऊक आहे मला. म्हणू देत.

बारक्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातला तो चौथ्यांदा. या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लिव्हर संपत आलंय. आता पुन्हा प्यायला तर इथे आणायची गरज पडणार नाही." म्हणजे काय ते मला कळलं. बायको कधीच पोरीकडे निघून गेलेली. राहिले मी. नव्वद दिवस काढायचे होते, आणि एक्केचाळीसाव्या दिवशी केंद्रातून निरोप आला की रविवारी या, नातेवाइकांची बैठक आहे. त्याच्या पिण्यामुळे तुम्हाला काय काय सोसावं लागलं ते लिहून आणा.

लिहून आणा! मला सांगायचं होय? तीन पानं भरली मी, पाठपोट. तारखा घातल्या.

गेले तर तो दारातच उभा. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, डोळे स्वच्छ. इतक्या वर्षांत त्याचे डोळे पांढरे पाहिलेच नव्हते मी. "ये ताई, माझी खोली दाखवतो," म्हणाला. एका ओळीत आठ खाटा होत्या, कडेची त्याची. चादर एकदम ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. "स्वतः घालतो," म्हणाला. मी बसले, कौतुकही केलं. तब्येत बरी दिसते, जेवतोस का नीट, असं काहीबाही विचारत होते. आणि बोलता बोलता माझा उजवा हात चादरीखाली गेला आणि तळवा गादीवरून फिरला.

देवाशप्पथ, मला कळलंही नाही. मी बघितलं तेव्हा तो माझ्या हाताकडे बघत होता.

"कोरडी आहे, ताई," तो म्हणाला. "जा, बाबांना सांग."

बाबांना जाऊन अठरा वर्षं झालीत. त्याने खाटेखालची पिशवी ओढली आणि कपडे कोंबायला लागला. मी अरे अरे करत राहिले. समुपदेशन करणारी बाई धावत आली, माझ्या पोरीच्या वयाची. त्याला म्हणाली, "बैठकीला बसा आणि मग काय ते ठरवा." मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तुमच्या सहीशिवाय आम्ही सोडत नाही, पण मनातून निघालेला माणूस भिंतीवरून उडी मारून जातो. नक्की काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. खोटं न बोलणारी मी.

काय झालं ते सांगते. बारक्या मोठा झाला तरी अंथरूण ओलं करायचा. आई पहाटेच्या पाळीला जायची. बाबा कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर, एक मिनिटाचा उशीर खपायचा नाही त्यांना, घरातसुद्धा. रोज सकाळी त्याचं अंथरूण तपासायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी हात फिरवायचे आणि जाऊन सांगायचे, ओलं किंवा कोरडं. ओलं असलं की बाबा ती चादर त्याच्या डोक्यावर घालून त्याला बाहेर पायरीवर उभा करायचे. शाळेत जाणारी सगळी पोरं समोरून जाईपर्यंत. त्याच्याच वर्गातली. मी पण त्याच पायरीवरून दप्तर घेऊन खाली उतरायचे. थांबले नाही कधी.

हे एवढं बारक्याला माहीतच होतं. त्याला जे माहीत नव्हतं, ते मला एकटीला माहीत होतं.

बैठकीत सगळे गोल बसलो. तो मांडीवर पिशवी घेऊन, दाराच्या बाजूला. बाईंनी त्याला विचारलं, पहिला घोट आठवतो का. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सोळाव्या वर्षी. वर्कशॉपवर मिस्त्रीने दिला. मी तिथेच झोपलो. सकाळी उठलो तर अंथरूण ओलं होतं, आणि मला काहीच वाटलं नाही. पहिल्यांदाच. लाज नाही, भीती नाही. त्या काही न वाटण्यासाठी पितो मी. चव मला अजून आवडत नाही." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग माझी पाळी. मी कागद उलगडले. पहिली ओळ होती, 'याने आमच्या घराण्याच्या तोंडाला काळं फासलं.' ती वाचायला तोंड उघडलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर स्टिकर चिकटवणारी बाई मी, आणि ती एक ओळ वाचवेना. कागद पदराखाली सरकवले.

"बारक्या," मी म्हटलं, "एक सांगायचं आहे. मग तुला जायचं तर जा, मी सही करते."

तो बघेना.

"तुला दहावं वर्ष होतं. दोन महिने झाले होते, तू एकदाही अंथरूण ओलं केलं नव्हतंस. रोज मी कोरडं म्हणून सांगत होते. आठवतं?"

"आठवतं. मग पुन्हा सुरू झालं."

"नाही झालं." मी म्हटलं. "आदल्या दिवशी माझ्या हातून बाबांचं घड्याळ पडलं होतं. काच फुटली. सकाळी त्यांना कळणार, मला फोडून काढणार. तू तोंड धुवायला गेलास, तेव्हा मी तांब्यातलं पाणी तुझ्या अंथरुणावर ओतलं. आणि जाऊन सांगितलं, ओलं आहे."

मला थांबवेल असं कुणी नव्हतं, म्हणून बोलत राहिले. "त्यांनी सगळा राग तुझ्यावर काढला. घड्याळ बघून नुसते म्हणाले, माझ्याकडूनच पडलं वाटतं. म्हणजे मला मार बसणारच नव्हता, बघ. आणि तू त्या दिवसापासून रोज ओलं करायला लागलास. मी रोज सांगत राहिले. तुला सोळा वर्षं होईपर्यंत. मला रे काय माहीत... नाही, माहीत होतं. मला माहीत होतं."

वाटलं, आता उठेल, कानफटात मारेल. मारायलाच हवं होतं. पण त्याने विचारलं, अगदी हळू, एखाद्या डॉक्टरला विचारावं तसं.

"म्हणजे मी बरा झालो होतो?"

"हो."

"दोन महिने?"

"दोन महिने आणि पाच दिवस. मीच मोजत होते."

पन्नाशीचा गडी, पिशवी छातीशी धरून बसलेला. "परत सांग," तो म्हणाला. "मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी उभी राहिले आणि सांगितलं. माझा भाऊ बरा झाला होता.