पेटीचं वजन आणि तिसरा गिअर

तुमच्या घरातली बाई म्हणाली, "गाडी चढावर अडकते," तर तुम्ही आधी गाडीकडे बघता की तिच्या पायांकडे?

आमच्याकडे सगळ्यांनी पायांकडे बघितलं. मीही.

आई पेटी शिकवते. गोव्यात डिचोलीला राहून ती पेडण्यातल्या गावांत जाते. इब्रामपूरचं बायकांचं भजनी मंडळ तिनेच उभं केलं. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला क्लच दाबवेना, आणि पेटी उचलून बस बदलत जाणं तर अशक्यच. म्हणून पणजीच्या एका गृहस्थाची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती गाडी होती म्हणून तिची शिकवणी होती.

काही वर्षं सुखाची गेली. मग गेल्या गणेश चवथीनंतर गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. मधूनच गिअरचा दिवा लुकलुके, वेगाचा काटा शून्यावर पडे आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रुतून बसे. चढावर जीवच नाही. बंद करून पुन्हा चालू केली की जणू काही झालंच नव्हतं.

गॅरेजवाला मेस्त्री बिघाडाचे कोड वाचणारं मशीन लावायचा. कधी वेगाच्या सेन्सरचा कोड निघे, कधी गिअरच्या, कधी बॅटरीचा. तो कोड पुसायचा, बाजारापर्यंत एक फेरी मारून यायचा आणि किल्ली माझ्या हातात ठेवायचा. "बाय, गाडयेक काय एक झाला नाय. बाईंचो पाय ब्रेकार ऱ्हवता."

आई शेजारीच उभी होती. तिला सांगायचं सोडून तो मला सांगत होता!

एक सेन्सर बदलून झाला, फरक शून्य. तेव्हा बाबांनी गिऱ्हाईक शोधलं. "दोन आठवड्यांनी रविवारी बघायला येतोय. विकून टाकू. शिकवणी घरी घे, बायका येतील हंय."

"इब्रामपूरसून? तुम्ही आणूक जातलात?" आईने विचारलं.

बाबांनी पेपर वर धरला.

हे तेच बाबा, ज्यांनी खाणीवरच्या कामगारांची पत्रकं लिहिली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. यंत्र बिघडलं की मॅनेजर कामगाराचा हात दाखवतो, हे वाक्य मी सहा वर्षांची असताना मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि त्यांनी मला बोंडो पाव आणून दिला होता. मी म्हटलं, "बाबा, यंत्र आपल्या घरात आल्यावर तुम्ही मॅनेजर झालात?" त्यांनी पेपरचं पान उलटलं. गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवलंही नाही.

मग मी आईबरोबर दोनदा इब्रामपूरला गेले, साक्षीदार म्हणून. दोन्ही वेळा गाडी लोण्यासारखी चालली. परतताना मी सारखी तिच्या पायांकडे बघत होते. आईने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "तुकाय आता माझो पायच दिसता मगो?" मी घाईने खिडकीबाहेर बघायला लागले. याची लाज अजून आहे.

त्या लाजेतूनच वही निघाली. बाबा म्हणायचे, तारीख, वेळ आणि ठिकाण नसेल तर ते पत्रक नव्हे, कुरकुर. आईच्या स्वरलिपीच्या वहीत मागच्या पानांवर रकाने आखले: कुठे अडकली, चढ की सपाट, इंजिन गरम की थंड, एसी चालू की बंद. शेवटचा रकाना: गाडीत काय होतं. आई हसली, "आता पेटीची पण साक्ष?"

आठवडाभरात चढ आरोपातून सुटला, ऊन सुटलं, एसी सुटला. गाडी अडकली त्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द होता: पेटी. आई एकटी जाते तेव्हा पेटी डावीकडच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेत उभी असते. मी बसले तेव्हा ती मागे गेली. गॅरेजला नेताना तर घरीच उतरवलेली.

शनिवारी आम्ही पेटीसकट गॅरेजमध्ये गेलो. मेस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गाडी तपासूची की भजन करूचा?"

"आधी गाडी," आई म्हणाली. "भजनाक तुझो गळो चलायचो नाय."

पेटी तिच्या जागेवर ठेवली आणि मेस्त्रीला मागे बसवलं. गाडी आईने चालवली. पहिल्याच खड्ड्यात पेटी हलली, दिवा लुकलुकला, काटा पडला. आईने दोन्ही पाय सीटच्या कडेला ओढून घेतले. "बघ रे मेस्त्री, खंय आसा माझो पाय?"

गाडी तिसऱ्या गिअरमध्येच कण्हत गॅरेजला परतली. मेस्त्रीने पेटी उतरवली आणि तिच्याखालचं कार्पेट उचललं. खाली ओली वाळू होती, नदीची, बारीक. गिअर सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची अर्थिंगची वायर तिथेच पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. बोल्ट गंजून फुगला होता, तांब्याच्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या, दोन-तीनच उरल्या होत्या. पेटीचं वजन पडलं की त्याही सुटायच्या. अर्थिंग गेलं की कॉम्प्युटर गोंधळायचा, म्हणून रोज नवा कोड.

वाळू कुठली, हे विचारायची गरजच नव्हती. दर चवथीला विसर्जनानंतर आमच्या वाड्यावरचे गणपतीचे ओले पाट, वर नदीची मूठभर वाळू ठेवून, याच गाडीतून घरोघर परत जातात. ते त्या जागेत रचतात बाबा. मोठ्या हौसेने, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

वायर बदलली, पत्रा घासून रंगवला, काम दुपारपर्यंत संपलं. घरी आल्यावर मी ती वही आणि कागदाच्या पुडीत बांधलेली वाळू बाबांपुढे ठेवली. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला, मग फोन उचलून गिऱ्हाईकाला सांगितलं, "गाडी विकायची नाही. चूक माझी." आईकडे बघून मात्र ते बोलले नाहीत. ते मी त्यांच्याकडून अजून वसूल करणार आहे.

आई आजही इब्रामपूरला जाते. पेटी त्याच जागेत. तिने हट्टाने तिथेच ठेवली आहे.

तुमच्याकडे एक मागणी आहे. घरातली कुणी सांगेल की गाडी अधूनमधून बिघडते, तेव्हा एक वही काढा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, गाडीत काय होतं तेही. कोड कागदावर उतरल्याशिवाय मेस्त्रीला पुसू देऊ नका. आणि तपासणीच्या फेरीला किल्ली तिच्याच हातात द्या.