डब्यांचा कट्टा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. दुसऱ्यांच्या चुका छापण्यात माझी नोकरी सरली. ही माझी आहे. लहान वाटेल — वाटू दे.

रत्नागिरीच्या जुन्या स्टँडात, कंट्रोल रूमच्या खिडकीखाली जांभ्याचा एक कट्टा होता. सकाळच्या गाड्या खेड्यांतून आल्या की ड्रायव्हर त्यावर डबे ठेवायचे — शिकायला शहरात राहिलेल्या मुलांचे. फडक्यावरून आपला ओळखायचा. माझा संगमेश्वरकडच्या गाडीनं यायचा. आई गाठ इतकी घट्ट मारायची की दातांनी सोडवावी लागे. आत भाकरी आणि कुळथाची पिठी. कॉलेजची सगळी वर्षं मी त्या कट्ट्यावर जेवलो. ती चव अजून — पण त्यात रमलो तर मुद्दा राहून जाईल.

पुढे नवा स्टँड ठरला. गावची गाडी, शहर बस, रिक्षा एका छपराखाली. उतरलेल्या माणसाला रस्ता ओलांडावा लागू नये. आराखडा करणाऱ्या बाई पुण्याच्या. स्टँड माहीत असलेला बातमीदार म्हणून मलाही बैठकीला बोलावलं होतं. बाईंची पेन्सिल नकाशावर कट्ट्यापाशी थांबली. हा कशासाठी?

"गावठी पोरांचे डबे यायचे तिथं," कुणीतरी म्हणालं. टेबलाभोवती हसू फिरलं.

"अजून येतात?" बाईंनी मला विचारलं.

माझी पुतणी तेव्हा शहरात शिकत होती. तिचा डबा त्याच सकाळी मी कट्ट्यावर पाहिला होता. मग मी काय म्हणालो?

"छे, ते केव्हाच बंद झालं."

त्या हसणाऱ्यांत मला बसायचं होतं. दुसरं कारण नाही. बाईंनी कट्टा खोडला. तिथून शहर बसकडे जायची वाट काढली. वाट चांगली आहे. मीही तिथूनच जातो.

नव्या स्टँडात डबे मग एका खांबापाशी, जमिनीवर राहू लागले. कुत्री पोचू लागली. ड्रायव्हर डबे घेईनासे झाले. पुतणी दुपारी वडापाव खाऊ लागली.

गणपतीला गावी गेलो तेव्हा वयनी, पुतणीची आई, मला जेवायला वाढत होती. "भावोजी, तुमी व्हतात ना त्या मीटिंगला? डब्यांचा कोनी सांगितलान नाय काय?"

"त्यांनी विचारलंच नाही," मी म्हणालो.

"व्हय, त्यांना कसा कळनार आमचा," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी पिठी वाढली.

मी जेवलो.