बत्तीस काळ्या पिशव्या

कागदाची पिशवी करताना पहिली चूक बहुधा घडीत होते. घडी नखाने दाबली की कागदाला सुरकुती पडते. ती पट्टीच्या कडेने, एका दमात दाबावी. शाळेत हस्तकलेच्या तासाला मी हे पुष्कळ वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर संक्रांतीच्या वाणासाठीही पिशव्या घरीच करू लागले.

त्या वर्षी सुनेचे पहिले हळदीकुंकू होते. ती आमच्यासारखीच उज्जैनची, पण माळवी घरातली. माहेरी हिंदी बोलतात. संक्रांतीला नव्या सुनेला आपण काळी साडी नेसवतो, हलव्याचे दागिने घालतो. तेव्हा पिशव्याही काळ्या आणि त्यांवर हलव्यासारखे पांढरे ठिपके, असे मी ठरवले. टावर चौकातून जाड कागद आणला. एका मोठ्या कागदातून चव्वेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरचे दोन तुकडे निघतात. असे बत्तीस तुकडे आखून, मागे क्रमांक घालून ठेवले. मी घड्या घालायची. सून आगकाडीचे टोक पांढऱ्या रंगात बुडवून ठिपके द्यायची. तिचा हात स्थिर होता. आठवडाभर ती माझ्याशेजारी बसून काम करत होती आणि फारसे बोलत नव्हती. ते मी एकाग्रतेचे लक्षण समजले.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी पिशव्यांत स्टीलची वाटी आणि तिळगुळाची पुडी भरून झाली, तेव्हा एक पिशवी रिकामीच दिसली. तिच्यातले वाण लाल रुमालात बांधून बाजूला ठेवलेले होते.

"हे कोणाचं गं?"

"मम्मीचं." तिने मान वर केली नाही. "आई, मम्मी काळ्या पिशवीतलं नाही घेणार. आमच्याकडे शगुनाचं काही काळ्यात देत नाहीत."

"मग आठ दिवस ठिपके कशाला देत बसलीस? पहिल्याच दिवशी सांगायचंस."

"तुम्ही बत्तीस कागद आखून, नंबर टाकून ठेवले होते."



विहीणबाईंनी चारचौघींत लेकीच्या हातची पिशवी नाकारली, तर पहिल्याच सणाला तिची मान खाली जाणार. एकट्या त्यांनाच रुमाल दिला, तर बाकीच्या बायकांत त्या परक्या ठरणार. नव्या पिशव्यांना वेळ नव्हता. बायका पाचला येणार होत्या.

"काळ्याला काहीच उपाय नाही?" मी विचारले.

"दादी काळ्या कपड्याला मौली बांधायची. लाल लागलं की चालतं म्हणायची. मम्मी मानेल की नाही, पता नहीं."

मौली म्हणजे पूजेत मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा धागा. यजमानांना स्कूटरवरून राम घाटाकडे पिटाळले. "पिशव्यांची मुंज लावता की काय?" असे विचारत ते गेले, पण भरपूर धागा घेऊन आले. मौली कच्ची असते. चार पदर करून पीळ दिल्याशिवाय वाटीचे वजन पेलत नाही. आम्ही पिशव्यांना आधी लावलेले पांढऱ्या दोरीचे बंद कापून काढले. मी पीळ घालत होते, ती बंद ओवून आतून गाठ मारत होती. बत्तिसाव्या पिशवीत तिने रुमालातले वाण भरले. शेवटच्या दोन गाठी पहिल्या आलेल्या बाईंसमोरच मारल्या.

थोड्या वेळाने विहीणबाई आल्या. लेकीने हळदीकुंकू लावले आणि पिशवी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"काली?"

सुनेचा हात तसाच पुढे होता. विहीणबाईंनी वाकून बंद पाहिला.

"मौली किसने बाँधी?"

"बाँधी मैंने, मम्मी. बटी आई ने." बटी म्हणजे पीळ दिला.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "समधनजी, साड़ी काली, थैली काली. अब चाय तो दूध वाली पिलाओगी?"

बायका हसल्या. विहीणबाईंनी दोन बोटांनी बंद धरून पिशवी घेतली. कागदाला बोट लागू दिले नाही. चहा होईपर्यंत ती खुर्चीच्या हाताला अडकवून ठेवली आणि निघताना तशीच, बंदाला धरून, अंगापासून थोडी दूर ठेवत फाटकापर्यंत नेली. तिथे ती आपल्या स्कूटरच्या हुकाला लटकवली.

सून फाटकाशी उभी राहून गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत होती. मग आत आली.

"घेऊन गेली," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईंना हळदीकुंकू लावायला वळली.