तक्रार न करणारा चेहरा

हॉलच्या फरशीवर माझं तोंड पडलं होतं. एक नाही, चोवीस. वर्तमानपत्रांवर ओळीने वाळत घातलेली. हिरवं तोंड. जांभळं तोंड. केशरी तोंडावर निळे ओठ. एकाला मिशा काढलेल्या, एकाच्या कपाळावर दोन शिंगं. मी बादली घेऊन दारात उभी.

"मावशी, बघ, ही तू!" एक मुलगा ओरडला. "मी तुझे दात पिवळे केले."

"ते आहेतच पिवळे," दुसरा म्हणाला.

सगळी मुलं हसली. वर्ग घेणाऱ्या मॅडमही हसल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, जपून ये. पाय नको देऊस, ओलं आहे."

मी साडी वर धरली. माझ्याच तोंडांच्या मधल्या फटीत एकेक पाऊल टाकत नळाकडे गेले. बादली नळाखाली ठेवली आणि ब्रश धुवायला बसले.

सानपाड्याच्या त्या सोसायटीत मी दोन घरची धुणीभांडी करायची आणि खालचा हॉल झाडायची. दोन घरांपैकी एक मॅडमचं. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी हॉलमध्ये मुलांचा चित्रांचा वर्ग काढला. पाणी भरून ठेवायचं, पेपर अंथरायचे, शेवटी ब्रश आणि थर्माकोलच्या ताटल्या धुवायच्या, हे मी करायचं असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. घशात येतं आणि तिथेच राहतं.

खरं सांगायचं तर वर्ग मला आवडला होता. मुलांचे आधीचे रंग म्हणजे डबीतल्या वड्या. हे ॲक्रिलिकचे रंग ट्यूबमधून यायचे, मलमासारखे. मॅडम सांगायच्या, "ओले असेपर्यंत पाण्याने निघतात. सुकले की प्लॅस्टिक. मग काही केल्या निघायचे नाहीत. म्हणून चुकलात तर लगेच पुसा, नाहीतर वरून दुसरा रंग लावा." आणि पॉप आर्ट म्हणजे काय तेही त्या सोपं करून सांगायच्या. "राजाराणीचं चित्र नाही काढायचं. आपल्या घरातलं काढायचं. जे रोज समोर असतं आणि आपण बघतच नाही, ते."

मुलांनी साबणाची वेष्टणं आणली, चहाचे पुडे आणले, टूथपेस्टची खोकी आणली. एकच साबण चार चौकोनांत चार रंगांनी रंगवायचा. मी दाराशी बसून बघायची. जो साबण मी रोज घासून घासून संपवते तो गुलाबी, मग निळा, मग काळ्यावर पिवळा. इतका देखणा असतो तो? घरी जाताना आमच्या शिरवणे गावातल्या वाण्याच्या दुकानासमोर मी उगाच थांबले आणि फळीवरचे डबे बघत राहिले. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, आता चेहरा. एकच चेहरा सगळ्यांनी रंगवायचा, प्रत्येकाने आपल्या मनाच्या रंगांत. त्यावरून भांडणं सुरू झाली. नटीचा फोटो घेऊ म्हटलं तर एक आजोबा मॅडमच्या घरी येऊन बोलून गेले की सुट्टीत पोरांना हेच शिकवायचं का. पुढाऱ्याचा नको, उगाच कुणीतरी मोर्चा आणेल. देवाचा तर नकोच. मग मॅडम म्हणाल्या, मुलं आपापल्या घरातल्या माणसांचे फोटो आणतील. तेही आयांना पटलं नाही. एक बाई जिन्यात मॅडमना म्हणाली, ते मी ऐकलं. "आमच्या सासूबाईंच्या तोंडाला हिरवं फासायचं? घरात राहू देतील का मला?"

त्याच संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मॅडमकडे चहाला आले. मी आत ओट्याशी भांडी घासत होते.

"एवढं टेन्शन कशाला घेता?" ते म्हणाले. "माझ्या रजिस्टरमध्ये कामवाल्या बायांचे फोटो आहेत. एखादा उचला, झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून घ्या. त्यांच्यातली कोण तक्रार करणार आहे?"

दोघं हसले. मला वाटलं गंमत चाललीय. मी चहाचे कप बाहेर नेऊन दिले.

तो फोटो गेटपासचा. सोसायटीत एका घरी चोरी झाली, तेव्हा सगळ्या बायांनी फोटो आणून द्यायचे असं ठरलं. चोर नंतर त्या घरातलाच निघाला, पण फोटो राहिले. मी शिरवण्याच्या स्टुडिओत गेले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच फोटो काढत होते, म्हणून केस नीट विंचरले, कपाळाला मोठी टिकली लावली. फोटोवाल्याने विचारलं, "गेटपासचा ना? मग हसू नका." मी हसू आवरलं. म्हणून त्या फोटोत मी घाबरल्यासारखी दिसते. तो घाबरलेला चेहरा त्यांनी हाताच्या दोन पंजांएवढा मोठा केला, पुठ्ठ्यांवर चिकटवला आणि चोवीस मुलांना वाटला.

त्या दिवशी ब्रश धुताना पाणी तीनदा बदललं. आधी हिरवं झालं, मग राखाडी, मग गटारासारखं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कशी वाटली चित्रं?"

मी म्हणाले, "छान."

"अगं, परदेशात मोठमोठ्या नट्यांचे चेहरे असे रंगवतात. तुला तर मजा वाटली पाहिजे."

मी मान हलवली. हसलेसुद्धा.

चोवीस तोंडं पाहून जितकी किळस आली नव्हती, तितकी मला त्या 'छान'ची आली. जेवायला बसले तर नखांच्या कडेला रंग सुकलेला. ओढला तर साल निघावी तसा सुटला, पातळ, रबरासारखा. ताटाजवळ जांभळी साल पडली. माझी भूकच गेली. आमच्या गावाकडे एका बाईचं तोंड रंगवून तिला गावातून फिरवलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. पोरं मागून हसत होती. मीही त्यांच्यात होते. तेव्हा मला त्या बाईचं तोंड दिसलंच नव्हतं, नुसता रंग दिसला होता.

दुसऱ्या दिवशी मी ताराबाईला सांगितलं. ती सानपाडा गावातलीच, आगरी, माझ्याच जिन्यात तीन घरं करायची. मला वाटलं हसेल. ती हसलीच.

"आगो, हिरोईन झालीस तू!"

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"तुला इचारला?"

"नाही."

"मंग? थोबार तुजा हाय. त्यांचे बापाचा हाय काय?"

एवढंच बोलून ती पाण्याचा हंडा उचलून वर गेली. मी तिथेच उभी राहिले. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी आपली विचार करत होते की त्यांनी मला वाईट का रंगवलं. त्यांनी मला न विचारता घेतलंच का, हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

रविवारी प्रदर्शन होतं. हॉलमध्ये मोठा बोर्ड उभा केला होता. वरच्या ओळींत साबण, चहा, टूथपेस्ट. खालच्या चार ओळींत मी. आईबाप वेफर्स खात बघत होते. मी सरबताचे ग्लास फिरवत होते. एक गृहस्थ एकदा बोर्डाकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "सेम टू सेम!" शिंगवाल्या तोंडाला पहिला नंबर मिळाला. टाळ्या झाल्या.

मग मॅडमनी हाक मारली. "ये गं, बोर्डाजवळ उभी राहा. एक फोटो काढू. लाजू नकोस!"

आणखी एक फोटो.

मी ट्रे खाली ठेवला. बोर्डाजवळ गेले. लोकांना वाटलं मी फोटोसाठी उभी राहते आहे. मी खालच्या ओळीतलं पहिलं चित्र धरलं आणि टाचणी उपसली. मग दुसरी. तिसरी टाचणी बोटात घुसली.

"अगं, काय करतेस तू?"

"माझं तोंड काढून घेते."

आवाज माझाच होता. मी काढत राहिले. पहिल्या नंबरचं चित्र काढलं तेव्हा ते रंगवणारी मुलगी रडायला लागली. पूर्वा तिचं नाव, नऊदहा वर्षांची. "ते माझं पेंटिंग आहे!"

माझा हात थांबला. ती काही खोटं बोलत नव्हती.

"बघ," मॅडम म्हणाल्या, "एवढ्याशा मुलीला रडवलंस. शोभतं का तुला?"

मी पूर्वासमोर खाली बसले. म्हणाले, "रंग तू छान लावलेत, बाळा. पण तोंड माझं आहे. तू आईचा फोटो आण, त्याला अशीच शिंगं काढ. तोही इथे लावू."

पूर्वाने रडणं थांबवून आईकडे पाहिलं.

"काहीतरीच काय!" आई पटकन म्हणाली. "माझा कशाला?"

पूर्वा आईकडे बघतच राहिली. मग तिने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चित्र परत मागितलं नाही. बाकी मोठ्या माणसांपैकी एकानेही माझ्या नजरेला नजर दिली नाही. वेफर्स मात्र खात होते.

चोवीसही काढून झाल्यावर सेक्रेटरी पुढे आले. "तुझा पास रद्द. उद्यापासून गेटच्या आत पाय ठेवायचा नाही."

"बरं. रजिस्टरमधला फोटो द्या."

"तो सोसायटीचा रेकॉर्ड आहे."

"मी आता सोसायटीत नाही. मग माझा फोटो कशाला?"

ते ऑफिसात गेले. मी दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी दोनदा "जा" म्हटलं. मी गेले नाही. शेवटी त्यांनी रजिस्टर उघडून फोटो ओरबाडला आणि टेबलावर फेकला. स्टेपलरच्या पिनेने कोपरा फाटला. मी तो उचलून ब्लाऊजमध्ये ठेवला.

घरी येऊन आमच्या चाळीतल्या नळावर मी बादली भरली आणि चित्रं भिजत घातली. पुठ्ठा फुगला, कागदाचा लगदा झाला. रंग मात्र सुटला नाही. त्याची साल झाली आणि तोंडाच्या आकारात वर तरंगायला लागली. बुळबुळीत, थंड. हात घालवत नव्हता. तरी घातला. एकेक साल बाहेर काढून पिळली, ताणली, फाडली. शेजारणी बघत होत्या. चोवीसच्या चोवीस फाडेपर्यंत मी उठले नाही.

दोन्ही घरं गेली. महिन्याभराने ताराबाईकडून मॅडमचा निरोप आला, "झालं गेलं विसरून जा, कामाला ये." मी गेले नाही. विसरणारही नाही. आता नेरूळला काम शोधते. तिथेही सोसायट्या फोटो मागतात. मी आधी विचारते, फोटो कशाला, कुठे ठेवणार, कोण बघणार. परवा एका बाईने विचारलं, "एवढ्या चौकशा करणारी तू कोण?" मी तिचा जिना उतरले. उद्या दुसऱ्या दारात हेच विचारणार. तिथूनही उतरावं लागलं तर उतरणार.